गाव तेथे ग्रंथालय, वस्ती तेथे?

‘सार्वजनिक’ हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. सार्वजनिक विहीर, सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक गणेशोत्सव, सार्वजनिक वाचनालय. शब्द एकच, पण त्यातील ‘सर्व’ प्रत्येक ठिकाणी वेगळे. महाडच्या तळ्याच्या बाबतीत हा शब्द खरा करून घेण्यासाठी बाबासाहेबांना १९२७ साली हजारो माणसांसह तळ्यावर जावे लागले आणि नंतर १९३७ पर्यंत कोर्टात भांडावे लागले. विहिरीचे, तळ्याचे, देवळाचे सार्वजनिकत्व आपण असे तपासून घेतले आहे. ग्रंथालयाचे मात्र तपासलेले नाही. आपल्या चळवळीच्या स्मरणात पाण्याचा सत्याग्रह आहे, मंदिरप्रवेशाचा आहे, ग्रंथालयाचा नाही. असे का झाले, आणि त्याची किंमत आज कोण मोजतो, हा या लेखाचा विषय आहे.

माझ्यासमोर दोन गोष्टी आहेत. एक, महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ व त्याखाली १९७० साली झालेले अनुदानाचे नियम. दुसरी, तासगाव तालुक्यातील ज्या वस्त्यांतून माझे विद्यार्थी महाविद्यालयात येतात त्या वस्त्या. कायदा ही देखील एक संहिताच असते. कवितासंग्रहाचे परीक्षण करताना आपण विचारतो की यात कोण बोलतो आहे, कोणाशी बोलतो आहे, आणि कोणाचा उल्लेखच नाही. हेच प्रश्न कायद्याला विचारायला काय हरकत आहे?

आधी थोडे मागे जाऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेल्या व चालविलेल्या, किंवा सरकारने नेमलेल्या मंडळांच्या ताब्यातील विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. महाडचा संगर या ठरावाच्या पायावरच उभा राहिला. ही यादी पुन्हा वाचावी. तीत ग्रंथालय नाही. हा बोल्यांचा विसरभोळेपणा म्हणता येत नाही. विद्येची किंमत ते जाणत होते. भीमराव मॅट्रिक झाला म्हणून मुंबईत जी सभा भरली तिचे अध्यक्ष बोलेच होते, आणि त्याच सभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकरांनी त्या मुलाला आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. तरीही ग्रंथालय ठरावात आले नाही, कारण ठराव सरकारी पैशाच्या सत्तेने बोलत होता आणि ग्रंथालये त्या पैशाची नव्हती.

ती कोणाची होती? रत्नागिरीचे १८२८ चे, अहमदनगरचे १८३८ चे, पुण्याचे १८४८ चे, कोल्हापूरचे १८५० चे, आमच्या सांगलीचे १८६९ चे, ही सारी जुनी ग्रंथालये इंग्रज अधिकारी, संस्थानिक, वकील, मास्तर, कारकून यांनी वर्गणी काढून उभारली. या संस्थांना कमी लेखण्याचे मला कारण नाही. एकोणिसाव्या शतकातील कितीतरी मराठी ग्रंथ आणि नियतकालिके त्यांच्या कपाटांमुळेच वाचली. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या जुन्या वाचनालयात पाणी शिरून हजारो पुस्तकांचा लगदा झाला तेव्हा माझ्यासारख्यालाही हळहळ वाटली. पण त्यांची घडण ओळखली पाहिजे. ती पांढरपेशांनी पांढरपेशांसाठी चालविलेली मंडळे होती. तेथे प्रवेश मिळायचा तो वर्गणी आणि ओळख या दोन किल्ल्यांनी. फलकावर ‘महार-मांगांना मज्जाव’ असे लिहिण्याची गरजच पडली नाही. ज्याला अक्षरच शिकू दिले नाही त्याच्यासाठी वाचनालयाच्या दाराला वेगळी कडी कशाला हवी? सत्याग्रह का झाला नाही याचे एक उत्तर येथे मिळते. पाण्याची तहान जन्मजात असते. पुस्तकाची तहान आधी शिकावी लागते, आणि ती शिकण्याची वाटच अडविलेली होती.

१ मे १९६८ पासून ग्रंथालय कायदा अमलात आला. यात घडले ते इतकेच की ज्या मंडळांना १९२३ साली सरकारी पैसा नव्हता त्यांना तो मिळू लागला. मंडळांची घडण तशीच राहिली. मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्याने ग्रंथालयासाठी कर बसविला. आमच्या सीमेला लागून असलेल्या कर्नाटकाने १९६५ च्या कायद्याने कर बसविला. तेथे घरपट्टीसारख्या करांवर रुपयामागे सहा पैसे ग्रंथालयासाठी घेतले जातात. केरळाने १९८९ साली तेच केले. ज्या राज्यात कर आहे तेथे ग्रंथालय हा करदात्याचा हक्क होतो. मोलकरीण जी वस्तू विकत घेते, ज्या खोलीचे भाडे भरते त्यातूनही तो कर निघतो आणि ती ग्रंथालयाला जाब विचारू शकते. महाराष्ट्राने कर बसविला नाही. शासनाने आपल्या तिजोरीतून स्वयंसेवी संस्थांना साहाय्य करावयाचे, संस्थांनी ग्रंथालय चालवावयाचे, असा आपला मार्ग. अनुदान हे औदार्य असते. हक्काची भाषा त्यात बसत नाही. गंमत अशी की हिंदुस्थानातील पहिला ग्रंथालय कायदा आमच्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली केला होता. संस्थान १९४९ साली विलीन झाले आणि तो कायदा आता अभ्यासकांपुरता उरला आहे.

आता नियमांची भाषा पाहा. ग्रंथालयाचा वर्ग अ, ब, क की ड हे ठरते ते ग्रंथ किती, सभासद किती, वर्तमानपत्रे किती, रोज उघडे किती तास यांवर. सगळे मोजमाप आत काय आहे याचे. बाहेर कोण राहिले हा प्रश्न या नियमांना पडत नाही. गावात मजुरांची घरे किती, त्यातील किती जण सभासद झाले, बायका किती आल्या, वस्तीवरचे मूल एकदा तरी आत आले काय, यावर ग्रंथालयाचा वर्ग चढत नाही आणि उतरतही नाही. नोंदवहीत तीनशे सभासद दाखविणारे ग्रंथालय या दृष्टीने परिपूर्ण ठरते, मग ते तीनशे जण एकाच आळीचे असले तरी चालते.

पैशाचा हिशेबही बोलका आहे. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयास वर्षाला ३० हजार रुपये मिळत. २०२२ साली शासनाने अनुदानात साठ टक्के वाढ केली आणि ही रक्कम ४८ हजार झाली. यातला निम्मा भाग वेतनाचा. म्हणजे खेड्यातील ग्रंथपालाच्या हाती महिन्याला दोन हजार रुपये पडणार. विरळणीच्या हंगामात द्राक्षबागेत राबणारी बाई एवढी रक्कम आठवड्याभरात मिळविते. त्या ग्रंथपालाकडून आपण वाचक घडविण्याची, सूची करण्याची, वस्तीत जाण्याची अपेक्षा करावयाची! तो बिचारा कुलूप उघडतो, वर्तमानपत्रे टेबलावर मांडतो, सह्या घेतो आणि कुलूप लावतो. ग्रंथपालाला दोष देणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. त्या लेखकांनी हा भागाकार एकदा करून पाहावा.

राज्यात अशी शासनमान्य ग्रंथालये अकरा हजारांहून अधिक आहेत. ग्रामपंचायती सुमारे अठ्ठावीस हजार. २०१२ नंतर दशकभर नव्या ग्रंथालयांना मान्यता मिळाली नाही. याचा अर्थ काय होतो? ज्या समाजांना संस्था काढण्याचे बळ १९७० किंवा १९८० मध्ये होते त्यांच्या संस्था अनुदानाच्या वहीत चढल्या. ज्या समाजातील पहिली पदवीधर पिढी २०१० च्या आसपास उभी राहिली, ती संस्था काढायला आली तेव्हा वही बंद झाली होती. यात कोणाचा कट होता असे मी म्हणत नाही. विषमता टिकायला दरवेळी कट लागत नाही. नुसती तारीख पुरते.

‘गाव तेथे ग्रंथालय’ ही या व्यवस्थेची घोषणा आहे. घोषणा चांगली आहे. पण आपल्या अनुभवातील गाव म्हणजे काय हे आपण विसरता कामा नये. गावाला वेस असते आणि वस्ती वेशीबाहेर असते. २०२० च्या डिसेंबरात शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाट्या बदलल्या, अंतर बदलले नाही. ग्रंथालय ग्रामपंचायतीशेजारी, देवळासमोरच्या चौकात किंवा सोसायटीच्या माडीवर असते. एकोणिसाव्या शतकातील शहरी ब्राह्मणी वर्चस्वाची जागा या खेड्यांत साखर कारखाना, सोसायटी आणि तरुण मंडळ यांच्या पुढाऱ्यांनी घेतली आहे. सत्यशोधकांच्या या मुलखात हे परिवर्तन घडले याचा आनंद मानावा, पण ते वेशीवर येऊन थांबले याचीही नोंद करावी.

कोणी म्हणेल, आता कोण कोणाला अडवितो? घटनेच्या पंधराव्या कलमाने सरकारी पैशावर चालणारी सार्वजनिक वापराची ठिकाणे सर्वांना खुली केली, सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. खरे आहे. आज दारात कोणी हात धरत नाही. म्हणून दाराकडे न पाहता दारापर्यंतच्या वाटेकडे पाहावे लागते.

तासगाव हा द्राक्ष-बेदाण्याचा तालुका. येथील सौद्यात बेदाण्याचे भाव ठरतात आणि ते भाव वर्तमानपत्रात येतात. ज्या हातांनी ही द्राक्षे पिकतात ते हात बहुतांशी वस्तीतल्या बायकांचे. छाटणी, डोळे राखणे, विरळणी, डिपिंग, पुढे बेदाण्याच्या शेडवर निवडणे. वर्षाचे कितीतरी महिने त्या सकाळी वडापच्या गाडीत कोंबून जातात आणि दिवेलागणीला परततात. आमच्या भागातील छोटी ग्रंथालये सकाळी दोन-तीन आणि संध्याकाळी दोन-तीन तास उघडी असतात. माझ्या एका विद्यार्थिनीची आई थोडे वाचू शकते. मी तिला ग्रंथालयाबद्दल विचारले. ती म्हणाली, “आमी येताव तवर त्यांचं कुलूप पडतंय, सर.” एवढ्या एका वाक्यात ग्रंथालयसेवेची सगळी समीक्षा येऊन गेली. निवृत्त गुरुजी आणि नोकरदार यांच्या सवडीवर बेतलेली वेळ ही देखील एक वर्गीय निवड आहे. तिला कोणी निवड म्हणत नाही, कारण ज्यांनी ती केली त्यांनाच ती गैरसोयीची नाही.

दुसरी अडचण ओळखीची. माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. बारावीनंतर मी एका ग्रंथालयात सभासद व्हायला गेलो. अनामत रक्कम मी गोळा केली होती. पण अर्जावर जुन्या सभासदाची शिफारस हवी होती. आमच्या वस्तीत कोणी सभासद नव्हता आणि वस्तीबाहेर माझ्यासाठी सही करील असा कोणी ओळखीचा नव्हता. आत बसलेल्या गृहस्थांनी मुळीच अपमान केला नाही. उलट पुन्हा ये, असे सौजन्याने सांगितले. नियम सर्वांना सारखाच होता. सारख्या नियमाने असमान माणसांचे काय होते याचे शिक्षण मला पुस्तकातून घ्यावे लागले नाही. पुढे माझ्या मास्तरांनी आपल्या कार्डावर मला पुस्तके दिली. बाबासाहेबांना केळूसकर भेटले ते चर्नीरोडच्या बागेत, वाचनालयात नव्हे, याची मला तेव्हापासून नेहमी आठवण होते. आमच्या पिढ्या माणसांच्या कृपेने वाचत्या झाल्या आहेत, व्यवस्थेच्या हक्काने नव्हे. ज्याला माणूस भेटला नाही त्याचे काय झाले, हे लिहिणारा कोणी उरत नाही.

आणि तिसरी अडचण या दोन्हींहून खोल आहे. वर्गात मी विचारतो, गावातल्या ग्रंथालयात कोण जाते? बोटांवर मोजण्याइतके हात वर होतात. का जात नाही, असे विचारल्यावर एक मुलगा म्हणाला, “सर, तिथं गेल्यावर मागायचं काय, तेच कळत नाही.” ग्रंथपाल टेबलापलीकडे, कपाटे कुलपात, सूची असली तर वहीत. ज्याच्या घरात पुस्तकांची नावे कधी उच्चारली गेली नाहीत त्याने कोणते नाव मागावे? रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यातले पहिलेच सूत्र ग्रंथ वापरासाठी आहेत असे सांगते आणि पुढचे दोन वाचकाला त्याचा ग्रंथ, ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे असे. या तिन्हींचा आपल्याकडे कपाटाच्या काचेने पराभव केला आहे.

या सगळ्यावर प्रस्थापितांचे ठरलेले उत्तर असते : मुळात त्या समाजाला वाचनाची आवड नाही. हे उत्तर देणाऱ्यांनी सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर यावे. पोटाला चिमटा घेऊन आलेली माणसे तेथून पुस्तके घेऊन जातात. पुस्तिका, चरित्रे, गाण्यांची चोपडी, घटनेची प्रत, बाबासाहेबांची भाषणे पिशवीत घालून रात्रीच्या गाडीने ती खेड्यात पोहोचतात आणि एकाने वाचून दहा जणांना ऐकविली जातात. कोणत्याही संचालनालयाच्या अनुदानाशिवाय चाललेली ही आमची फिरती ग्रंथालये आहेत. त्याही आधी, जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तेव्हा तिच्या उद्देशांत वसतिगृहांच्या जोडीला वाचनालये आणि अभ्यासमंडळे काढणे हे लिहिलेले होते. ज्या समाजाच्या संघटनेने आपल्या उद्देशपत्रिकेत वाचनालय घातले, ज्याच्या नेत्याने राजगृह बांधले ते पुस्तकांना जागा पुरावी म्हणून, त्या समाजाला वाचनाची आवड नाही असे म्हणणे हा अज्ञानाचा भाग आहे की लबाडीचा, हे वाचकांनी ठरवावे. आमच्या वाटेगावच्या अण्णा भाऊंनी अक्षरे ओळखली ती मुंबईच्या रस्त्यांवरच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे पाहून. त्या माणसाने पुढे ‘फकिरा’ लिहिली. भूक अशी असते. वाढपी कमी पडले.

कपाटात काय आहे हेही पाहिले पाहिजे. मी पाहिलेल्या एका ग्रंथालयात शेवटच्या भिंतीशी ‘दलित साहित्य’ अशी पाटी लावलेले कपाट आहे. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘तराळ-अंतराळ’ यांच्या शेजारी तेथे रुपयाच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा ग्रंथ ठेवला आहे. रुपया दलित केव्हा झाला? अर्थशास्त्राच्या कपाटात त्याला जागा मिळाली नाही, कारण वर्गीकरण करणाऱ्याने विषय न पाहता लेखकाची जात पाहिली. डेवीचे दशमान वर्गीकरण बाजूला पडले आणि मनूचे वर्गीकरण कामाला आले. ‘बलुतं’ आत्मचरित्रांत का नको? ‘फकिरा’ कादंबऱ्यांत का नको? वेगळ्या कपाटाने आमचे साहित्य सापडायला सोपे जाते हा युक्तिवाद मी ऐकला आहे, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. पण मग ‘ब्राह्मण साहित्य’ अशी पाटी कोठे आहे? एका साहित्याला जात आहे आणि दुसरे नुसते साहित्य आहे, हा सिद्धान्त पाटीवर लिहून भिंतीशी उभा केलेला असतो.

शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडशः प्रसिद्ध केली, हे मोठे कार्य आहे. पण ते खंड मिळावेत कोठे? २०२१ च्या डिसेंबरात या खंडांची छपाई रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. उत्कृष्ट ग्रंथालयांना शासन जो पुरस्कार देते त्याला बाबासाहेबांचे नाव आहे. पुरस्काराला नाव आणि कपाटाला खंड नाही, अशी अवस्था कितीतरी ठिकाणी सापडेल.

आमच्या या दुखण्याला जुना इतिहास आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डेन या ग्रंथपालाला बोलावून बडोद्यात सबंध देशाला नमुना ठरावी अशी ग्रंथालयव्यवस्था उभारली. खेडोपाडी ग्रंथालये, फिरत्या पेट्या, स्त्रियांसाठी वेगळी सोय. त्याच बडोद्यात १९१७ साली, त्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून आलेल्या आंबेडकरांना डोके टेकायला खोली मिळाली नाही. पारशाच्या खानावळीतून त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. देशातील सर्वोत्तम ग्रंथालये ज्या शहरात होती त्या शहरातील ही गोष्ट. पुस्तके आपोआप माणसे सुधारतात असे मानणाऱ्यांनी ती विसरू नये.

अमेरिकेचा उल्लेख आला आहे तर तिकडचे दोन धडे सांगतो. तेथे ‘काउंटी’ म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यासारखा घटक. मेरीलँड राज्यातील वॉशिंग्टन काउंटीच्या ग्रंथपाल मेरी टिटकम्ब यांनी प्रथम दुकानांत आणि टपालकचेऱ्यांत पुस्तकांच्या पेट्या ठेवल्या आणि १९०५ साली घोडागाडीत पुस्तके घालून ती शेतकऱ्यांच्या दारापर्यंत नेली. काउंटीचे ग्रंथालय आज तेथे फुकट कार्ड देते, संगणक वापरू देते, नोकरीचा अर्ज भरायला मदत करते, मुलांना गोष्टी सांगते, अंथरुणाला खिळलेल्याच्या घरी पुस्तक पोहोचविते. हे सारे कराच्या पैशातून चालते.

पण हीच ग्रंथालये दक्षिणेत काळ्यांना बंद होती. २१ ऑगस्ट १९३९ रोजी व्हर्जिनियातील अलेक्झांड्रियात सॅम्युएल टकर या तरुण काळ्या वकिलाच्या योजनेनुसार पाच तरुण ग्रंथालयात गेले, कार्ड मागितले, नकार मिळताच पुस्तके घेऊन निमूट वाचत बसले आणि पकडले गेले. २७ मार्च १९६१ रोजी मिसिसिपीतील जॅक्सन येथे टूगालू महाविद्यालयाच्या नऊ विद्यार्थ्यांनी हेच केले. ते आधी काळ्यांच्या ग्रंथालयात गेले होते. हवी ती पुस्तके तेथे नव्हती, म्हणून गोऱ्यांच्या ग्रंथालयात जाऊन बसले. ज्यांच्या लढ्यातून आपल्या पँथरने १९७२ साली नाव घेतले त्या समाजाने ग्रंथालयाचा सत्याग्रह केला होता, ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असली पाहिजे. आणि पुढचा भाग तर अधिकच. अलेक्झांड्रियाच्या नगरपालिकेने या सत्याग्रहानंतर १९४० साली काळ्यांसाठी एक वेगळे, लहान ग्रंथालय बांधून दिले. टकर यांनी त्याचे कार्ड घेण्यास नकार दिला.

हा नकार मला फार मोलाचा वाटतो, कारण आपल्यापुढेही तोच मोह आहे. वस्तीला समाजमंदिर मिळते, तेथे एक कपाट मिळते, त्यात देणगीची पुस्तके येतात, आणि गावाचे ग्रंथालय सुटकेचा श्वास टाकते. वेगळ्या पाणवठ्याने जसा पाण्याचा प्रश्न सुटला नाही तसा वेगळ्या कपाटाने हाही सुटणार नाही. पुस्तक वस्तीत आले पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. टिटकम्बबाईंची गाडी दारात आलीच पाहिजे. पण ती गावाच्या ग्रंथालयाची गाडी असावी, तिची नोंद त्याच वहीत व्हावी, आणि वस्तीतल्या बाईचे कार्ड आणि सरपंचाचे कार्ड एका क्रमांकमालिकेतले असावे.

येथे आपल्या माणसांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. आमच्या विहारांतील कपाटे मी पाहिली आहेत. किल्ली अध्यक्षाकडे, अध्यक्ष कामाला गेलेला, आणि काचेआड बाबासाहेबांचे ग्रंथ हार घातलेल्या तसबिरीखाली धूळ खात असलेले. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीच्या ध्वनिवर्धकावर एका रात्रीत जो खर्च होतो त्यात पन्नास मुलांची अनामत भरली जाईल. हे बोलले की काहींना राग येतो. येऊ द्यावा.

ग्रंथालयाच्या नावाखाली सध्या जी एक गोष्ट खरोखर भरभराटीला आली आहे ती म्हणजे अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेची मुले पहाटेपासून रात्रीपर्यंत आपलीच पुस्तके घेऊन तेथे बसतात. संस्थेकडून त्यांना खुर्ची, दिवा आणि पंखा मिळतो. वाचनसंस्कृतीचे पुरस्कर्ते याला नाके मुरडतात. मी मुरडणार नाही. एका खोलीत सहा माणसे राहतात त्या घरातल्या मुलाला टेबल आणि शांतता हीच पहिली ग्रंथसेवा आहे. मात्र त्याच छपराखाली कथा-कवितेचे, इतिहासाचे कपाट उघडायला कोणी नाही आणि ज्या मुलाची निवड झाली नाही त्याच्यासाठी तेथे पुढे काहीच नाही, ही उणीव मोठी आहे. मुलींची संख्या कमी असते, कारण रात्री नऊला वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवा नसतो. ग्रंथालयसेवेत रस्त्यावरचा दिवाही येतो.

शासनाने ४ मे २०१७ रोजी सातारा जिल्ह्यातील भिलारला ‘पुस्तकांचे गाव’ केले. घरोघरी कपाटे, विषयवार मांडणी, कोणीही यावे आणि बसून वाचावे. विस्तारात आमच्या शेजारच्या पलूस तालुक्यातील अंकलखोपचेही नाव आले. कल्पना सुंदर आहे, आणि कुलूप नसलेले कपाट कसे असते हे तिने दाखवून दिले म्हणून मी तिचे स्वागतच करतो. पण भिलार हे पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचे, स्ट्रॉबेरीचे गाव. गाडी करून येणाऱ्या वाचकासाठी पुस्तक उघड्यावर ठेवण्याचा विश्वास शासनाला वाटला. मजूर वाचकाविषयी तोच विश्वास अनुदानाच्या नियमात उतरावा, एवढीच मागणी.

ही मागणी कोठे करावयाची? बहुतेक ग्रंथालये १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या संस्था आहेत. त्यांना घटना असते, वार्षिक सभा असते, निवडलेले कार्यकारी मंडळ असते. नुसता वर्गणीदार वाचक आणि मताचा अधिकार असलेला सभासद यांत बहुतेक ठिकाणी फरक केलेला असतो, आणि उघडण्याची वेळ, शिफारशीची अट, पुस्तकखरेदी हे सारे त्या दुसऱ्या वर्गाच्या हाती असते. कार्यकर्त्यांनी पुढाऱ्याला निवेदन देऊन फोटो काढण्याआधी आपल्या गावच्या ग्रंथालयाची घटना मागून वाचावी. अनुदान सरकारी असल्याने हिशेब आणि सभासदांची संख्या जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात मागता येते. आमच्या महाविद्यालयातील काही मुलांनी यंदा आपापल्या गावांत हे काम हाती घेतले आहे. मताच्या सभासदत्वाची फी किती, ती वस्तीतल्या किती जणांना वर्गणी काढून भरता येईल, आणि सभेची नोटीस कोणत्या फळ्यावर लागते, एवढ्या तीन गोष्टी प्रत्येकाने वहीत लिहून आणायच्या आहेत. दोघांना फळाच सापडलेला नाही.